आधी सर पालथे, मग पेशंट

सरंजामे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ऑपरेशनच्या टेबलावर पालथे पडलेले. अंगात हिरवा गाऊन, गाल उशीवर टेकलेला, डोळे मिटलेले आणि उजवा हात टेबलाबाहेर सोडून दिलेला. पोट दोन्ही बाजूंनी ऐसपैस पसरलेलं. मी त्या हॉस्पिटलात भूल द्यायला नुकतीच लागले होते, पहिलाच दिवस. थिएटरचं दार ढकललं तर हे दृश्य! म्हटलं झालं, पेशंट यायच्या आधी सर्जनच गेला. धावत जाऊन मी त्यांची नाडी धरली.

"चालू आहे?" डोळे न उघडता सरांनी विचारलं.

"क... काय?"

"नाडी हो. चालू असेल तर राहू द्या तिला. आणि मला जरा पडू द्या. या उशीचा टाका छातीत टोचतोय."

कोपऱ्यात लीलासिस्टर मास्कच्या आत हसत होत्या. "घबराओ मत मॅडम," त्या म्हणाल्या, "सर का रोज का है."

आणि खरंच रोजचंच होतं. बाहेर बाकावर कोपर मोडलेलं एखादं पोर आईच्या मांडीवर मुसमुसत असायचं, आणि आत त्याचा डॉक्टर त्याच्या जागी निजून बघत असायचा, कुठे टोचतंय, कुठे दबतंय, कुठे मुंग्या येतायत. टाका टोचला की उठायचे, उशी उलटी करायचे, परत पालथे. समाधान झालं की म्हणायचे, "हओ, बोलवा आता गादीच्या मालकाला." मग आम्ही टेबल पुसायचो, चादर बदलायचो, आणि पोर आत यायचं.

आमचं हॉस्पिटल इंदुरात, बडा गणपतीच्या देवळापासून चालत जाण्याइतकं. ट्रस्टचं होतं, त्यामुळे भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या भरपूर आणि कपाटात औषधं बेताची. सर तिथले हाडांचे डॉक्टर. माणूस खानदानी. त्यांचे कोणी खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांनी पराक्रम काय केला, असं विचारलं की सर शांतपणे सांगायचे, "घोड्यावरून पडले. कोपर मोडलं, वाकडं जुळलं, तलवार धरता येईना. मग दफ्तरात बसवलं. सुधाबाई, आमच्या घराण्यातली तलवार जाऊन दौत आली, ती एका कोपरापायी." गोष्ट खरी की खोटी देव जाणे. सरांच्या पत्नी मालतीवहिनी म्हणायच्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा तो घोडा तट्टू होता. दर वर्षी उंच होत चाललाय."

सर सगळ्यांना इंदुरी थाटात 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत. वॉर्डबॉय भिया, ट्रस्टी भिया, ट्रॅफिकचा हवालदार भिया. बडा गणपतीपुढे हात जोडून "देखो भिया..." अशी सुरुवात करताना मी त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पुढे काय मागितलं ते ऐकू आलं नाही, पण एवढ्या मोठ्या मूर्तीने ते मनावर घेतलं नसावं. कारण सरांची मागणी बहुतेक एकच असायची, वजन कमी होऊ दे. आणि ती करून ते थेट पोहे-जलेबीच्या दुकानात जायचे. पोह्यावर सेव, सेवेवर आणखी सेव. दुपारी कचोरी. ते पोट म्हणजे त्यांनी आयुष्यभर सचोटीने कमावलेली एकमेव मालमत्ता होती.

हातात घड्याळ नसायचं. मिलचा सकाळचा भोंगा झाला की सर हात धुवायला उभे राहायचे. सगळं जुनं इंदूर त्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं, निजायचं, त्यातलेच हे एक.

कोपरांचा सीझन असतो, हे मला त्यांच्याकडे आल्यावर कळलं. संक्रांतीला पतंग आणि गिल्ली-डंडा, उन्हाळ्यात आंब्याची झाडं, पावसाच्या तोंडाशी जांभळं. पोर पडताना हात पुढे टेकवतं, आणि कोपराच्या जरा वर, जिथे हाड पातळ असतं, तिथे कडकन मोडतं. देपालपूरकडची लेकरं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायची, कोपरं भोपळ्यासारखी सुजलेली. सगळं जग अशा पोराला भूल देऊन उताणं निजवतं. हात बाजूच्या फळीवर घ्यायचा, एकाने ओढायचा, दुसऱ्याने हाड जागेवर बसवायचं आणि कातडीतून दोन बारीक तारा घालून ते धरून ठेवायचं. छान होतं. दुसऱ्या डॉक्टरांबरोबर मी अशी कितीतरी कोपरं पाहिली आहेत, सगळी सुरेख जुळलेली.

पण सरंजामे सरांना पोर पालथंच हवं. दंड एका छोट्या फळीवर टेकवायचा आणि कोपराखालचा हात नुसता खाली सोडायचा.

"हात सोडला की पृथ्वी ओढते, सुधाबाई," ते म्हणायचे. "हाड निम्मं तर आपणच जागेवर येतं. असली असिस्टंट मिळणार नाही. थकत नाही, जांभया देत नाही, दिवाळीत गावाला जात नाही."

"तुमची असिस्टंट तुम्हाला लखलाभ," मी म्हणायची. "उताण्या पोराचं तोंड माझ्या समोर असतं. पालथं घातलंत की श्वासाची नळी खाली, पोर वर, आणि मी जमिनीवर उकिडवी बसून बघतेय नळी आहे का सुटली! तुम्हाला एक कोपर सांभाळायचं असतं, मला अख्खं पोर सांभाळायचं असतं."

"म्हणून तर तुम्हाला बोलावतो. कोपर काय, कुणीही सांभाळेल."

मी चिकटपट्टीने नळी दुप्पट घट्ट करायची, पुटपुटत उकिडवी बसायची. हे भांडण आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं, दर कोपराला, नव्या उत्साहाने केलं. एखाद्या दिवशी मी भांडले नाही तर सर काळजीने विचारायचे, "तब्येत बरी आहे ना?"

त्यांच्या उशांना नावं होती. छातीखालचा लांबलचक लोड म्हणजे मामा. कमरेखालची रुंद ती मावशी. फळीवर दंडाखाली ठेवायचा तळहाताएवढा तक्क्या म्हणजे भाचा. सगळ्या मिलच्या लठ्ठ्याच्या, मिलच्याच कापसाने भरलेल्या, वहिनींनी हाताने शिवलेल्या. नव्या नर्सला पहिले काही दिवस काही कळायचं नाही. थिएटरमध्ये आवाज यायचा, "मामाला वर सरकव, मावशीला उजवीकडे घे, भाचा कुठाय? भाचा धुवायला गेला? अरे रामा!" शनिवारी ही सगळी मंडळी स्कूटरवर पुढे पायाशी बसून अन्नपूर्णा भागात सरांच्या घरी जायची, धुऊन, उन्हात वाळून सोमवारी परत. वहिनी म्हणायच्या, "लोकांचे नवरे फाईली घेऊन घरी येतात. आमचे नातेवाईक घेऊन येतात."

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा त्यांना विचारलं. सर पहिल्यांदा थट्टा न करता बोलले. "झोपेतलं पोर सांगू शकत नाही, मला इथे टोचतंय. जागं असतं तर रडलं असतं. आपण त्याचं रडणं काढून घेतलंय ना? मग त्याच्याऐवजी कुणीतरी आधी टोचून घ्यायला पाहिजे. पोराने जे दुखणं आणलं नाही, ते त्याने इथून नेता कामा नये. बस, एवढंच आहे."

आणि ते खरं ठरतंय की नाही हे बघायला ते प्रत्येक पोराला ठेंगा दाखवायला लावायचे. दंडाच्या हाडाला चिकटून एक नस खाली येते. ती शाबूत असेल तरच मनगट आणि अंगठा वर उचलता येतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी एकदा आणि शुद्धीवर आल्यावर एकदा, सर पलंगाशी वाकून म्हणायचे, "चलो भिया, डॉक्टर को ठेंगा बताओ." पोरं रडणं विसरून दोन घटका खूश व्हायची. आया मात्र कासावीस. एका बाईने तर पोराच्या पाठीत धपाटाच घातला, "बडों को ठेंगा बताते हैं क्या!" सर कळवळून म्हणाले, "बाईजी, बताने दो. जिस दिन नहीं बताएगा, उस दिन मैं रोऊंगा."

मग ते दिवस आले, जेव्हा सगळ्याच गोष्टी फॉरेनच्या मिळायला लागल्या. हॉस्पिटलात रोज कुणीतरी टाय बांधून, चकचकीत कागद घेऊन यायला लागलं. असाच एक जण ऑपरेशनच्या उशा घेऊन आला. जेलच्या, निळ्या, थुलथुलीत. इंग्रजीत फाडफाड बोलला, त्या किती देशांत वापरतात ते सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बढ़िया है. भिया, तुम लेटे हो इस पर?"

"सर?"

"लेटो."

आणि खरंच, त्या सुटातल्या पोरसवदा माणसाला सरांनी बूट काढून टेबलावर पालथा पाडला. टाय खाली लोंबतोय, गाल निळ्या उशीवर चपटा झालाय. "हिलना मत. जितनी देर ऑपरेशन चलता है, उतनी देर," असं सांगून सर बाहेर गेले. बाहेर कुणीतरी कचोऱ्या आणल्या होत्या. त्यानंतर सर त्या माणसाला विसरले. आम्ही बऱ्याच वेळाने आत गेलो तर तो तसाच पडलेला, आणि घोरतोय. सरांनी त्याला हलवून उठवलं, दोन्ही अंगठे वर करायला लावले, आणि गंभीरपणे म्हणाले, "उशी चांगली आहे." घेतली मात्र नाही. मामाला वाईट वाटेल म्हणाले.

फॉरेनचं सामान आत येत होतं आणि मिली बंद होत होत्या. एक दिवस सकाळी सर हात धुवायच्या बेसिनपाशी येऊन नुसते उभे राहिले. भोंगा वाजलाच नाही. पेपरात आलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सर नळ न उघडता वाट बघत राहिले. शेवटी लीलासिस्टरने हळूच म्हटलं, "सर, अब नहीं बजेगा." त्यानंतर मालतीवहिनींनी त्यांना घड्याळ घेऊन दिलं. ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात कुठेतरी काढून ठेवलं, ते आजतागायत सापडलेलं नाही.

त्याच वर्षी संक्रांतीला मंगल आली. मंगल जगदाळे. तिचे वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मिल बंद, आणि घरी बसलेला बाप. पोरगी कटलेल्या पतंगाच्या मागे धावताना गच्चीच्या कठड्यावरून खाली आली. उजवं कोपर. काडीसारखी किडमिडीत मुलगी, पण जीभ कशी? सरांनी ठेंगा मागितला तर दुखऱ्या हाताने ठसक्यात दाखवला, वर म्हणते, "डॉक्टरसाहेब, तुम्ही दाखवा ना तुमचा!" सरांनी दाखवला. जगदाळे बापडे कानकोंडे झाले.

मग नेहमीसारखं सगळं झालं. सर आधी पालथे झाले, उशा जमवल्या, उठले. आमचं भांडण झालं. मंगलला भूल दिली, सगळ्यांनी मिळून अलगद पालथं घातलं. तिचं हाड काही केल्या बसेना. आमच्याकडे तेव्हा पडद्यावर हाड दाखवणारं मशीन नव्हतं. प्रत्येक वेळी एक्स-रे काढायचा, तो धुऊन येईपर्यंत थांबायचं, बघायचं, परत करायचं. बराच वेळ गेला. शेवटी हाड असं काही सुंदर जुळलं की सर त्या ओल्या एक्स-रेकडे बघत शीळ घालायला लागले.

संध्याकाळी वॉर्डात मंगल चांगली शुद्धीवर आली. सर पलंगाशी वाकले. "चलो मंगलबाई, ठेंगा."

मंगलने हाताकडे पाहिलं. अंगठा हलला नाही. मनगट खाली वाकलेलं, तसंच राहिलं.

"दुखतंय म्हणून करत नाहीस का ग?" सरांनी विचारलं.

"नाही. मी करतेय," ती म्हणाली. "तो ऐकत नाहीये."

सरांनी पट्टी जरा वर सरकवून दंड पाहिला. कातडीवर एक लालभडक वळ उठला होता, फळीच्या कडेइतका सरळ. मला आणि सिस्टरला घेऊन थिएटरमध्ये आले, सगळ्या उशा सकाळसारख्या मांडायला लावल्या आणि पालथे पडले. हात खाली सोडला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोट घाला. दंडाखाली, फळीच्या कडेला."

मी बोट घातलं. बोट सहज आत गेलं. सरांचं पोट मामावर चढलं की खांदा आपोआप उचलला जायचा आणि दंड त्या कडेपासून सुटायचा. मंगलला कुठलं पोट? ती मामावरून घसरली, भाच्यावरूनही घसरली, आणि सगळा वेळ ती लाकडी कड तिच्या नसेवर रुतून बसली. हिरव्या चादरींखाली कुणाला काही दिसलं नाही.

"मला लागत नाही," सर म्हणाले. "सुधाबाई, मला लागतच नाही. मी जाड आहे." पन्नाशी ओलांडलेला तो माणूस पालथा पडल्या पडल्या रडत होता, आणि मामा भिजत होता. मला त्यांची इतकी दया आली की पालथं घालण्यावरून मी इतकी वर्षं जे बोलत होते, त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही.

ट्रस्टचे सेक्रेटरी समजूतदार गृहस्थ. ते म्हणाले, "डॉक्टरसाहब, हाड मोडतानाही नस दुखावते. असं पुस्तकातच आहे ना? तेच सांगून टाका. उगाच विषय कशाला वाढवायचा?"

"आधी तिने मला ठेंगा दाखवला होता," सर म्हणाले. "तुमच्या पुस्तकाने पाहिला नसेल. मी पाहिला."

आणि भाच्याला काखोटीला मारून ते वॉर्डात गेले. जगदाळे बाकावरून उठून उभे राहिले. सरांनी त्यांना बसवलं, शेजारी बसले, भाचा मांडीवर ठेवला आणि हात कसा होता, कड कुठे लागली, नस कशी दबली, सगळं सांगितलं. "हाड बरोबर आहे. ही दुसरी गोष्ट तिने आणली नव्हती, ती मी दिली. माझी चूक आहे. बहुतेक नस परत येईल, वेळ लागेल. येईलच, असं मी छातीठोक नाही सांगू शकत."

जगदाळे बराच वेळ त्या उशीचं कापड चिमटीत धरून चाचपत होते. "आमच्याच मिलचा लठ्ठा आहे," शेवटी ते म्हणाले. मग म्हणाले, "साहेब, एवढी मिल बंद झाली. हजारो माणसं घरी बसली. पण एक जण आमच्यासमोर येऊन बोलला नाही, की भाऊ, हमसे गलती हुई. तुम्ही पहिले." त्यांनी कापड सोडलं. "पण पोरीचा हात यायला पाहिजे साहेब. मला बाकी काही नको. तिचा हात यायला पाहिजे."

त्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन मिलच्या चाळीत जायला लागले. मनगट लटकू नये म्हणून तिला आधाराची पट्टी दिली होती, ती सोडायची, बोटं हलवून द्यायची, ठेंगा मागायचा, पट्टी बांधायची. चाळीतली पोरं भोवती कोंडाळं करायची. मंगल वैतागून म्हणायची, "अहो, आला की मी स्वतः सांगेन ना! रोज काय?" एकदा तिने डाव्या हाताचा ठेंगा दाखवून त्यांची बोळवण केली. सर हसले. पण दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये त्यांनी शीळ घातली नाही. ती शीळ बंदच झाली होती.

याच काळात सरांनी बारीक व्हायचं मनावर घेतलं. पोराला जे लागतं ते आपल्याला लागलं पाहिजे, म्हणजे पोट गेलं पाहिजे, असं त्यांचं शास्त्र. जलेबी बंद. कचोरी बंद. पोह्यावरची सेव बंद! इंदुरात ही बातमी मिलच्या बातमीइतकीच पसरली. नेहमीचा पोहेवाला मला थांबवून विचारायला लागला, "मॅडम, डॉक्टरसाहब को कुछ सीरियस तो नहीं?" वजन थोडं उतरलं, चेहरा मात्र फारच उतरला. वहिनी एकदा माझ्याकडे येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीचा हात लवकर येऊ दे ग बाई. हे उपाशी पोटी मामाशी बोलत बसतात."

रंगपंचमीचा दिवस. राजवाड्याकडून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघालेली, सगळं शहर रंगात बुडालेलं, आणि आम्ही शहाण्यासारखे दारं लावून घरात बसलेलो. दुपारी दार धडाधडा वाजलं. माझ्या यजमानांनी फटीतून पाहिलं आणि म्हणाले, "कोणीतरी भांग पिऊन आलाय." मी पाहिलं तर सर. नखशिखांत लाल, हिरवे, जांभळे. पांढरे फक्त डोळे. उजवा हात पुढे करून मला ठेंगा दाखवत होते. नुसता दाखवत होते, खालीवर करत होते, आणि गालांवरच्या गुलालातून पाण्याचे ओघळ वाहत होते.

"मंगल?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, "घरात गोड काही आहे का हो?"

मी पुरणपोळ्यांचा डबाच पुढे केला. रंगलेल्या हातांनी त्यांनी किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही. माझ्या उंबऱ्यावरचा तो जांभळा डाग पुढे कितीतरी दिवस गेला नाही, आणि मी तो घासलाही नाही.

त्यानंतर पोट यथावकाश परत आलं, शीळही आली. पालथं घालणं सरांनी सोडलं नाही. आधी स्वतः निजून बघणंही सोडलं नाही. पण फळीची कड गोल करून तिच्यावर जाड स्पंज चढवला, आणि पोर टेबलावर आलं की सर चक्क जमिनीवर मांडी घालून बसायचे. चादरीखालून वर बघायचे, दंडाखाली बोट फिरवायचे. ऑपरेशन लांबलं तर मध्येच हात थांबवून लीलासिस्टरना खाली बसवून बघायला लावायचे. मी नळी बघत आधीपासूनच खाली उकिडवी असायची. "या सुधाबाई," सर म्हणायचे, "तळमजल्यावर स्वागत आहे." एवढ्या मोठ्या देहाला जमिनीवरून उठवायला मग दोन माणसं लागायची.

पुढे सर रिटायर झाले, मीही काम कमी केलं. आणि एक दिवस त्यांचा फोन आला. मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं. इतकी वर्षं वाकून कोपरं जुळवली, ती पाठीने लक्षात ठेवली होती. हॉस्पिटल बायपासकडचं, नवं, काचेचं. सर्जन तरुण आणि हुशार. "पालथं घालणार आहेत मला, तास न् तास," सर म्हणाले. "मरायची भीती नाही हो. पण बरोबर न आणलेलं दुखणं घेऊन उठलो तर? तुम्ही याल? भूल तुम्हीच द्या. तिथल्या लोकांना मी विचारलंय."

गेले मी. थिएटर एखाद्या विमानासारखं लखलखीत. टेबलावर निळ्या जेलच्या उशा मांडलेल्या, अगदी त्या टायवाल्याने आणल्या होत्या तशा. सगळं व्यवस्थित दिसत होतं. दिसायला मंगलच्या वेळीही व्यवस्थितच दिसत होतं. मी चपला काढल्या, गुडघा टेकवला आणि टेबलावर चढून पालथी झाले.

मग तो तरुण सर्जन धावत आला. "मॅडम! चक्कर आ गई क्या?"

"नाही रे भिया. मला जरा पडू दे."

डोळे मिटून पडले. उजव्या खांद्यापाशी उशी जरा उंच होती, हाताला रग लागत होती. मी जाड नाही, सरही आता वाळले होते, तेव्हा जे मला लागत होतं ते त्यांना लागलंच असतं. मी सांगत गेले, ती पोरं उशा सरकवत गेली. कडांखाली बोटं घालून बघितली. तेवढ्यात दार उघडलं आणि ट्रॉली आत आली. मी पालथी, ते उताणे. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी उशीवरून त्यांच्याकडे.

"डावा गुडघा," ते म्हणाले, "खाली मऊ काहीतरी घ्या. तिथे लागतं, आणि कुणाच्या लक्षात येत नाही."

मी डाव्या गुडघ्याखाली मऊ घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. सर आपल्या दोन पायांवर घरी गेले, पुढे मुलाकडे पुण्याला गेले. फोनवर बोलतो आम्ही, पण भेट त्यानंतर झालेली नाही. माझ्या डोळ्यांपुढे सर येतात ते त्या दिवशीचे, शुद्धीवर येतानाचे. नाकाला ऑक्सिजन, केस विस्कटलेले, जीभ जड. मी कानाशी वाकून म्हटलं, "सर, ठेंगा दाखवा."

पांघरुणातून एक अंगठा हळूहळू वर आला. मग दुसराही आला. मी वळणार, तेवढ्यात त्यांनी माझा पदर धरला.

"आता... तुमचा."

"माझा कशाला?"

"तुम्हीही... पालथ्या पडला होतात ना?"

मी दोन्ही हात पुढे करून दोन्ही अंगठे वर केले. सरांनी एक डोळा उघडला, आधी उजवा अंगठा बघितला, मग डावा बघितला, आणि मगच पदर सोडून झोपले.